बरणीतले पाहुणे

थोरलीच्या पर्समध्ये कॉफीची रिकामी बरणी होती आणि बरणीत किडे होते. रविवारी कुणाकडे जेवायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं वळण तिला होतंच.

झाकण तिने दात आवळून, दोन्ही हातांनी घट्ट फिरवलं होतं. बरणीवर रुमाल, रुमालावर कंगवा, कंगव्यावर अप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. गाडी खड्ड्यातून गेली की आत काहीतरी 'टक्' वाजायचं आणि थोरली खोकायची.

"घसा धरलाय का?" थोरल्याने आरशातून विचारलं.

"तुम्ही पुढे बघून चालवा."

पुढच्या सीटवर अप्पा होते. डोक्यावर हॅट, मांडीवर पिशवी. पिशवीत एक खुरपं आणि दुकानातलं जुनं भिंग, चष्मे पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं. अप्पा शीळ घालत होते. सासरे शीळ घालतात हे थोरलीला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा शीळ धाकट्या जावेच्या घराच्या रस्त्यावरच वाजते हेही माहीत झालं.

सासूबाई गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात अप्पांनी चष्मा काढून टेबलाच्या खणात ठेवला होता. जन्मभर दुकानात बसून लोकांना "आता दिसतंय? आणि आता?" असं विचारत आलेला माणूस, तो म्हणाला, बघण्यासारखं काही उरलं नाही, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. थोरलीने काय नाही केलं? चष्मा ताटाशेजारी ठेवून पाहिला, उशाशी ठेवून पाहिला. थोरल्याकडून नवी फ्रेम करून आणली. पेपर मोठ्याने वाचून दाखवताना मुद्दाम चुकीचा वाचला, म्हणजे तरी ओढून घेतील. अप्पांनी चुकीच्या बातम्या शांतपणे ऐकून घेतल्या.

मग धाकटी त्यांना चार दिवस आपल्याकडे घेऊन गेली. गच्चीवर बसवलं, समोर टोमॅटोच्या रोपांचा ट्रे ठेवला. अप्पांनी एक पान चुरगाळलं, बोटांचा वास घेतला आणि म्हणाले, "माझा चष्मा कुठाय?"

धाकटीने लगेच फोन केला. "ताई, अप्पांनी चष्मा मागितला! कुठे असतो हो तो?"

कुठल्या खणात, ते थोरलीलाच सांगावं लागलं. तो फोन तिने तेव्हा खाली ठेवला खरा, पण मनातल्या मनात ती अजूनही तो कानाला धरून उभी होती.

आणि आज नणंदेने सगळ्यांना धाकटीकडे बोलावलं होतं. अप्पांचं अर्धं सामान तिकडे, अर्धं इकडे. त्यांनी कायमचं धाकटीकडेच राहावं का, ते एकदा समोरासमोर बसून ठरवायचं.

"त्यांना जिथे बरं वाटतं तिथे राहू दे ना," थोरला काल म्हणाला होता.

"तुम्हाला काय! खोली मोकळी झाली की तुमची ती व्यायामाची सायकल येईल तिथे. कपडे वाळत घालायला."

वाईट विचार थोरलीला सहसा येत नसत. तिला वेळच नसायचा. पण आज सकाळी खिडकीतल्या गुलाबाला भांडी विसळलेलं पाणी घालताना तिला पानांवर काहीतरी हलताना दिसलं. गुलाब सासूबाईंचा. त्या गेल्यापासून त्याला ना खत, ना छाटणी. मिळालं तर पाणी. त्यावर काळे, लांबट, अंगावर काटे आणि नारिंगी ठिपके असलेले किडे फिरत होते. एखाद्या मगरीला धुऊन आटवलं तर अशी दिसेल. चष्मेवाल्याची बायको असूनही थोरली जवळचा चष्मा लावत नसे. चष्म्याने माणूस आजी दिसतो असं तिचं मत होतं. तिला बिनचष्म्याने दिसले, म्हणजे किडे चांगलेच मोठे होते.

शी, म्हणून ती मागे सरली. मग पुढे आली. मग जुना टूथब्रश आणि कॉफीची बरणी घेऊन आली.

*

धाकटीचं घर म्हणजे खाली दवाखाना, वर घर आणि त्याच्या वर गच्ची. या घराण्यात एका भावाने डोळे घेतले आणि दुसऱ्याने दात. कानांसाठी तिसरा भाऊ झाला नाही, म्हणून कुणी कुणाचं ऐकत नाही, असं नणंद म्हणायची. नणंद मधली. दोन्ही भावांना तिचा धाक आणि दोन्ही भावजयांना तिचा उपयोग.

"आल्या का वहिनी!" नणंदेने दारातच थोरलीला कोपऱ्यात घेतलं. "काळजी करू नका. मी तुमच्या बाजूने आहे. एवढी वर्षं कुणी केलं अप्पांचं? दिसतं ना आम्हाला."

थोरलीला जरा धीर आला. तेवढ्यात धाकटी आतून आली. अंगात खिसे खिसे असलेला ॲप्रन, हातात मोजे, गालावर मातीचा एक पट्टा. तो पट्टा सकाळपासून जपून ठेवलेला असावा, असं थोरलीला वाटलं.

"अप्पा! तुमच्या टोमॅटोने आज सातवं फूल काढलं!"

"सातवं?" अप्पा हॅट न काढताच म्हणाले. "पिवळं पडतंय का खाली?"

"अजिबात नाही."

सासरा आणि सून रोपांबद्दल असे बोलत होते, की बाकीचे सगळे दवाखान्यात नंबर लावून बसलेले पेशंट वाटावेत. धाकटा, म्हणजे दाताचा डॉक्टर, थोरल्याला हळूच म्हणाला, "मला गेल्या महिन्यात ताप आला होता. हिने आधी भेंडीचा ताप बघितला."

स्वयंपाकघरात लसणाचा उग्र वास भरला होता. ओट्यावर बाटल्याच बाटल्या: लसूण-मिरचीचा अर्क, साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल, आणि एकीवर नुसतंच 'जपून'.

"हे सगळं रोज फवारतेस?" थोरलीने विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. विषारी काही नाही हं ताई. एकदम नैसर्गिक." धाकटीने बोलता बोलता बाटल्या मागे सरकवल्या. "झाडं माणसासारखीच असतात. माया लागते."

माया. थोरलीने पर्स छातीशी धरली. "सॅलडवर कोथिंबीर हवी ना? मी आणते गच्चीवरून."

"नको नको, मी आणते!"

"का गं? आम्हाला कोथिंबीर ओळखता येत नाही?"

धाकटी मोजे काढेपर्यंत थोरली जिना चढली.

गच्ची बघून तिला वाईट वाटलं. सुंदर होती. रंगाच्या डब्यांतून, फुटक्या बादल्यांतून, जुन्या टबातून हिरवं उसळत होतं. तारेवर टोमॅटो लटकले होते. मधोमध अप्पांची खुर्ची. आणि खुर्चीवर उशी. थोरलीच्या घरातल्या खुर्चीवरही उशी होती. पण त्या उशीवर अप्पा भिंतीकडे बघत बसायचे आणि या उशीवर शीळ घालायचे. थोरलीने ही उशी दाबून पाहिली. मऊ होती. ते पाहून तिने बरणी काढली.

उघड्यावर सोडलं तर लगेच दिसेल. पलीकडच्या भिंतीला घेवड्याचा वेल होता आणि त्याच्यापुढे एक चादर वाळत घातली होती. थोरली चादरीमागे शिरली, झाकण उघडलं आणि बरणी वेलावर उलटी केली. पाहुणे उतरायला तयार होईनात. तिने बुडावर चापट्या मारल्या. "जा की! इथे खायला भरपूर आहे." एकेक करून ते पडले आणि पानांखाली गेले. वेलाचे काळे शेंडे चिकट लागले हाताला. पण खत बित असेल, म्हणून तिने हात चादरीला पुसले.

"वहिनी! कोथिंबीर पेरताय का वर?" जिन्यातून नणंद ओरडली.

बरणी झारीमागे टाकून, दिसला तो हिरवा पाला उपटून थोरली खाली आली.

"ताई," धाकटी म्हणाली, "हा गाजराचा पाला आहे."

*

जेवताना थोरलीला कळलं की बाजू बदलायला नणंदेला दोन टोमॅटो पुरतात.

"काय चव आहे गं!" नणंद तिसरा टोमॅटो घेत म्हणाली. "बाजारातला टोमॅटो म्हणजे नुसता लाल रंगाचा बॉल. अप्पांची तब्येत उगाच नाही सुधारली. मला विचाराल तर हवापाण्याचाही प्रश्न असतो."

"हवापाणी?" थोरली म्हणाली. "दोन घरांत चार बस-स्टॉप आहेत, वन्सं. हवा काय मध्ये उतरते का?"

"वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही केलंत ते केलंतच. पण माणसाला नुसतं जेवण आणि गोळ्या पुरत नाहीत."

"पुरल्या की. एवढी वर्षं जगले ना?"

"जगण्यात आणि जगण्यात फरक असतो," धाकटी हळूच म्हणाली. नम्रपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

"हो ना. फरक आहेच. तू रविवारची सून, मी सोमवार ते शनिवारची. सोमवारचा माणूस बघितलायस तू? सोमवारी कवळी सापडत नाही."

"कवळी माझा विभाग आहे," धाकटा म्हणाला. कुणी हसलं नाही.

"मी कधी म्हटलं ताई, की तुम्ही केलं नाही?"

"म्हणायला कशाला हवं? टोमॅटो बोलतायत की."

थोरल्याने भाताकडे बघत मान हलवली. कुणाच्या बाजूने हलवली ते त्याने शेवटपर्यंत उघड केलं नाही. हे धोरण त्याला दुकानात फार उपयोगी पडायचं.

"अप्पा, तुम्हीच सांगा," नणंद म्हणाली. "कुठे राहायचं?"

अप्पांनी घास संपवला. तोंड पुसलं. "आधी गच्चीवर जाऊन येऊ. पंधरा दिवसांत घेवडा नाही बघितला. मग सांगतो."

"आत्ता?" धाकटी उठून उभीच राहिली. "ऊन किती आहे अप्पा! जरा पडा."

"हो, पडा ना," थोरली म्हणाली. "जेवल्या जेवल्या जिने चढू नयेत."

"संध्याकाळी मी नेते."

"हिचं बरोबर आहे. संध्याकाळी."

लग्नानंतर पहिल्यांदाच दोन जावांचं एकमत झालं होतं. ते बघून नणंदेच्या हातातला चमचा थांबला, आणि अप्पांनी हॅट उचलली.

*

चादर अप्पांनी स्वतः बाजूला केली.

घेवड्याचा वेल काळा पडला होता. शेंडे, कळ्या, कोवळ्या शेंगा, सगळ्यांवर माव्याची बारीक कीड थापल्यासारखी बसली होती. पानं गुंडाळली होती, चिकट झाली होती, आणि मुंग्यांची ये-जा चालू होती. बिनचष्म्याच्या थोरलीलाही एवढं दिसलं की हे काही आजचं नाही. तिच्या पाहुण्यांना एवढं करायला महिना लागला असता.

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. गालावरचा मातीचा पट्टा आता ओला झाला होता.

"सगळं करून बघितलं," ती म्हणाली. "लसूण, मिरची, साबण, तेल. दोन दोन वेळा. जितकं फवारते तितका वाढतो."

"म्हणून चादर?" नणंद म्हणाली. "अगं, लपवून काय किडे लाजणार आहेत?"

"किड्यांपासून नाही लपवलं!" धाकटी एकदम ओरडली. "अप्पांपासून लपवलं. हा वेल त्यांनी लावलाय. हा वाळला तर ते परत चष्मा काढून ठेवतील, असं वाटलं मला."

थोरलीच्या मनात काहीतरी नको तिथे हललं. ही भीती तिच्या ओळखीची होती. तीही रोज रात्री टेबलाचा खण उघडून बघायची, चष्मा आत गेला की काय ते. तिला वाटायचं, या भीतीवर तिचा एकटीचा हक्क आहे.

अप्पांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पिवळं फडकं सोडलं, भिंग काढलं आणि वेलात डोकं घातलं. बराच वेळ ते तसेच होते. मग आतून आवाज आला, "हे कोण आलंय?"

थोरली जिन्याकडे सरकली.

"काळं आहे. नारिंगी ठिपके," अप्पा म्हणत होते. "इथेही आहे. अरे, इथेही!"

"आणखी किडे?" धाकटीने हुंदका दिला.

"आणि ही बरणी कुणाची?" नणंदेने झारीमागून कॉफीची बरणी उचलली. असल्या गोष्टी सापडायला ती जन्मालाच आली होती. "आपल्याकडे ही कॉफी कोण पितं? वहिनी, तुम्हीच ना?"

बरणीच्या तळाशी एक पान चिकटलं होतं. अप्पांनी ते बोटाने सोडवलं, भिंगाखाली धरलं. गुलाबाचं पान.

"आपल्या गुलाबाचं आहे हे," ते म्हणाले. "तिच्या."

सगळे थोरलीकडे बघायला लागले. खोटं बोलायला लागणारा वेळ तिच्याकडे होता. पण नेमकं कुठलं खोटं बोलायचं, तेच कळेना.

"तू आणलीस ही?" अप्पांनी विचारलं.

"हो," थोरली म्हणाली.

अप्पांचा चेहरा उजळला. तिच्या घरात तो असा कधी उजळला नव्हता. "अगं, ढालकिड्याची पिल्लं आहेत ही! तो लाल, ठिपक्यांचा, मुलं तळहातावर घेतात तो. मोठा झाला की देखणा, लहानपणी असला अवतार. मावा म्हणजे यांचं जेवण. ये, बघ बघ, हा कसा हाणतोय!"

धाकटी भिंगात वाकली. "खातोय," ती श्वास रोखून म्हणाली. "अप्पा, तो खरंच खातोय."

"तुझ्या गच्चीवर हे आलेच असते. पण तू सकाळ-संध्याकाळ फवारलंस, त्यात शत्रूंच्या आधी मित्र गेले. त्या गुलाबावर कुणी काही फवारलं नाही, म्हणून तिथे संसार थाटला त्यांनी." अप्पांनी थोरलीकडे वळून पाहिलं. "काही न करण्यालाही हिंमत लागते."

गुलाबाकडे दुर्लक्ष करण्यात आपण इतके दिवस हिंमत दाखवत होतो, हे थोरलीला नवीनच होतं.

"पण सकाळी तर तू म्हणालीस, शी, कसली घाण..." थोरल्याने तोंड उघडलं. तिने त्याच्या पायावर पाय ठेवला आणि ठेवून दिला.

"वहिनी, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं?" नणंदेने डोळे बारीक केले.

"घरात राहिलं की कळतं, वन्सं."

"मी म्हणतच होते," नणंद ताबडतोब बाकीच्यांकडे वळली, "वहिनींना कमी लेखू नका."

धाकटीने थोरलीचे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही न सांगता..." ती म्हणाली. पण हात धरलेले असतानाही तिची नजर अप्पांच्या चेहऱ्यावर गेली, तिथून थोरलीवर आली, आणि त्या नजरेत कृतज्ञतेच्या मागे आणखी एक काहीतरी बारीक, टोकदार होतं. थोरलीने ते क्षणात ओळखलं. तिच्याच घरची वस्तू होती ती. धाकटीकडे बघून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जरा वाईटही वाटलं.

"मग अप्पा," नणंद म्हणाली, "काय ठरलं?"

"मी घरी जातो."

"घरी म्हणजे कुठल्या घरी?"

"घरी म्हणजे घरी. मला गुलाब बघायचाय." अप्पांनी भिंग गुंडाळलं आणि झाकणासकट बरणीही पिशवीत टाकली. धाकटीचा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हॅट ठेवली. "बुधवारी येतोच. तोवर त्या बाटल्या कपाटात. पाहुणे जेवतायत."

*

परतीच्या वाटेवर अप्पा शीळ घालत होते. त्याच रस्त्यावर, पण घराच्या दिशेने. थोरली मागच्या सीटवर मोकळी पर्स घेऊन बसली होती. तिला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि चोरीच्या वस्तूसारखं ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

घरी पोचताच अप्पा खिडकीशी गेले. गुलाबाजवळ वाकले. मग आत गेले, टेबलाच्या खणाचा आवाज आला. थोरली दाराशी आली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चष्मा नाकावरच होता. हातात दुसरा होता. सासूबाईंचा, वाचायचा.

"लाव."

"मला कशाला? मला दिसतं."

"गाजराचा पाला आणलास तेव्हा बघितलं किती दिसतं. लाव. तिचा आणि तुझा नंबर जवळपास एकच असणार. चाळीस वर्षं हेच केलंय मी."

थोरलीने चष्मा लावला. सासूबाईंच्या कानाची सवय असलेली काडी तिच्या कानामागे टोचली. पान एकदम समोर आलं, शिरा, कडेचे दाते, सगळं. आणि पानाखाली, तिच्या टूथब्रशातून सुटलेली एक काळी, काटेरी पोर मावा खाताना. खाणं संपवून ती पुढच्या माव्याकडे निघाली. घाईही नाही, रागही नाही. इतक्या जवळून ती काही किळसवाणी दिसेना. तिला नुसती भूक होती.

"आणि त्या देठाला बघ," अप्पा म्हणाले. "पिवळी अंडी. त्यांचीच."

थोरली बघत राहिली. खूप वेळाने तिच्या लक्षात आलं की मागे ठक् ठक् आवाज होतोय.

अप्पा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर कॉफीची बरणी, हातात खिळा आणि फ्रेमच्या पिना ठोकायची छोटी हातोडी. ते झाकणाला भोकं पाडत होते. एक पाडलं, फुंकर मारली, उजेडाकडे धरून बघितलं. दुसरं पाडलं.

"जिवंत काही भेट द्यायचं असलं की झाकणाला भोकं लागतात," ते मान वर न करता म्हणाले. "तुझ्या झाकणाला नव्हती."

थोरलीने चष्मा काढला. काढल्यावर अप्पांचा चेहरा पुसट झाला, आणि त्या क्षणी तेच बरं वाटलं.

"केव्हा कळलं?"

"बरणी हातात घेतली तेव्हाच."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाइकाला दिसत नाही हे दुकानभर ओरडून सांगत नाहीत." अप्पांनी तिसरं भोक पाडलं. "अंडी फुटली की धाकटीला अजून लागतील. बुधवारी तूही चल. तूच ने."

बाहेरच्या खोलीत थोरला व्यायामाच्या सायकलसाठी नसलेली जागा डोळ्यांनी मोजत होता. थोरलीने सासूबाईंचा चष्मा पुन्हा लावला, खिडकीशी गेली आणि पानाखाली डोकावली.

"अप्पा," ती पानांआडून म्हणाली, "यातली जास्त खाणारी कुठली, ते ओळखता येतं?"

"येतं की. का?"

"ती आपल्याकडे ठेवू. धाकटीला बाकीच्या देऊ."

हातोडीचा आवाज थांबला. आणि मग त्या घरात, भिंतीकडे तोंड असलेल्या त्या खुर्चीच्या अगदी शेजारी, अप्पा हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागेपर्यंत हसले. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी तो परत लावला की नाही, ते थोरलीने वळून नीट बघितलं. या वेळी तिला स्पष्ट दिसत होतं.